काडतुसांची खरेदी आणि ग्राहकाची माहिती : रायपूरच्या परवानाधारकांसाठी

बाजारातील बहुतेक वस्तू नाव न सांगता, रोख पैसे मोजून घेता येतात. काडतूस मात्र त्यांपैकी नव्हे. शस्त्र अधिनियम, १९५९ आणि त्याखालील शस्त्र नियम, २०१६ यांनी परवानाधारकाची ओळख, त्याचे शस्त्र आणि त्याने घेतलेली काडतुसे यांची एकमेकांशी सांगड घातलेली असल्यामुळे, शस्त्रविक्रेत्याच्या दुकानात निनावी राहण्याचा हक्क कोणालाही नाही आणि तो मागणे व्यर्थ आहे. तरीही ग्राहकाच्या खासगीपणाचा प्रश्न तेथे संपत नाही. कायद्याने जी माहिती द्यावीच लागते ती कोणती, कायदा मागत नसताना दुकान जी मागते ती कोणती, आणि दिलेली माहिती विक्रेता व शासन यांच्यापलीकडे कोणाच्या हाती पडू शकते, हे तीन प्रश्न वेगळे आहेत. रायपूरच्या परवानाधारकाने, मग तो तात्यापारा या वस्तीतील जुन्या मराठी घरातला असो वा नोकरीनिमित्त अलीकडे छत्तीसगडात आलेला असो, ते वेगळेच ठेवावेत. कारण पहिल्या प्रश्नावर विक्रेत्याशी वाद घालणारे अनेक ग्राहक दुसऱ्या आणि तिसऱ्या प्रश्नाबाबत मात्र आश्चर्य वाटावे इतके बेफिकीर असतात.

प्रथम कायद्याची बाजू. परवाना नसलेल्या व्यक्तीला बंदूक किंवा काडतूस विकता येत नाही आणि समोरची व्यक्ती ते बाळगण्यास पात्र आहे याची खात्री न करता माल हवाली करणे हा अधिनियमाच्या कलम २९ खाली गुन्हा आहे. म्हणून मूळ परवाना पाहण्याची विक्रेत्याची मागणी हा संशय नसून त्याच्या स्वतःच्या बचावाचा भाग असतो. वैयक्तिक परवान्याच्या अटींनुसार खरेदीच्या वेळी माल ताब्यात घेणाऱ्याचे नाव, वर्णन व राहण्याचे ठिकाण, मालाचा प्रकार, संख्या आणि तारीख एवढ्या गोष्टी विक्रेत्याच्या सहीनिशी परवान्यावरच नोंदवाव्या लागतात. एका वेळी आणि एका वर्षात किती काडतुसे घेता येतील याची मर्यादा परवान्यावर लिहिलेली असते, आणि ती पाळली गेली की नाही हे याच नोंदींवरून कळते. विक्रेत्याकडे साठ्याच्या आणि विक्रीच्या नोंदवह्या असतात व त्या तपासण्याचा अधिकार शासनाला आहे. याखेरीज प्रत्येक परवाना आता राष्ट्रीय शस्त्र परवाना माहितीसाठ्यात, म्हणजे सरकारी व्यवहारात ज्याला एनडीएएल म्हणतात त्या संगणकीय यादीत, नोंदला जाऊन त्याला यूआयएन हा एकमेव ओळख क्रमांक मिळतो. हा क्रमांक नसलेल्या जुन्या पुस्तिकेवर खरेदी करू पाहणाऱ्याने दुकानाची पायरी चढण्याआधी रायपूरच्या परवाना शाखेत, जिथे परवान्याला सरकारी हिंदीत अनुज्ञप्ति म्हणतात, चौकशी करावी.

ही बारकाईची नोंद जाचक वाटली तरी ती निष्कारण नाही. १८७८ च्या शस्त्र कायद्यामागे १८५७ नंतरचा राज्यकर्त्यांचा प्रजेवरील अविश्वास होता, तर आजच्या नोंदींमागे काडतूस वैध हातातून अवैध हातात जाऊ नये ही चिंता आहे. आणि ज्या राज्याच्या दक्षिण भागाने, विशेषतः बस्तरने, माओवादी हिंसाचाराची दशके पाहिली, तिथे ती अधिकच समजण्यासारखी आहे. बारा बोअरची शक्तिमान काडतुसे पुण्याच्या खडकी येथील १८६९ सालच्या दारूगोळा कारखान्यातून निघतात. तिथून रायपूरच्या ग्राहकाच्या कपाटापर्यंतचा त्यांचा प्रवास कागदावर अखंड दिसावा, अशी कायद्याची अपेक्षा आहे. पिकांच्या रक्षणासाठी भरमार, म्हणजे तोंडाकडून दारू ठासून भरायची बंदूक, बाळगणारा गावाकडचा शेतकरीही या साखळीतून सुटत नाही.

मग खासगीपणाला आधार कोणता? न्या. के. एस. पुट्टस्वामी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे एकमताने ठरवले आणि स्वतःविषयीच्या माहितीवरील नियंत्रण हे त्याचे एक अंग मानले. त्या हक्कावर शासनाला मर्यादा घालायची असेल तर तिला कायद्याचा आधार हवा, तिचा हेतू वैध हवा आणि हेतूच्या मानाने ती अवाजवी नको; या शेवटच्या कसोटीला प्रमाणबद्धता म्हणतात. हा निकाल मुख्यतः शासनाला उद्देशून असला तरी, कोणत्या कामासाठी किती माहिती पुरेशी आहे, हा त्यातला प्रश्न दुकानाच्या काउंटरवर विचारण्यासही तितकाच योग्य आहे.

त्या प्रश्नाने तपासले असता काउंटरवरच्या अनेक मागण्या गळून पडतात. मोबाइल क्रमांक हे सर्वांत साधे उदाहरण. बिल करण्यासाठी ग्राहकाच्या मोबाइल क्रमांकाचा आग्रह धरू नये, असे केंद्रीय ग्राहक व्यवहार विभागाने मे २०२३ मध्ये किरकोळ विक्रेत्यांना बजावले आहे. वस्तू व सेवा कराच्या नियमांनुसार नोंदणी नसलेल्या ग्राहकाचे नाव आणि पत्ता बिलावर सक्तीने लिहावा लागतो तो बिलाची रक्कम ५०,००० रुपये वा अधिक असेल तेव्हा. काडतुसांच्या बाबतीत नाव-पत्ता शस्त्र कायद्यामुळे लिहिला जातो, परंतु करासाठी म्हणून मोबाइल, जन्मतारीख, व्यवसाय किंवा पॅन मागण्याचे साध्या खरेदीत कारण नसते. नवा माल आल्याचा संदेश पाठवतो, असे सांगून क्रमांक मागितला जात असेल, तर ती विक्रेत्याची सोय आहे आणि ग्राहकाने हवा तर तो द्यावा, नको तर सौम्यपणे नाही म्हणावे. मात्र या नकाराचा सूर महत्त्वाचा असतो. रायपूरसारख्या शहरात शस्त्रविक्रेते मोजके आणि ग्राहक ओळखीचे असतात, आणि वर्षानुवर्षांच्या संबंधात उद्धटपणाने मिळवलेला विजय पुढच्या खरेदीच्या वेळी महाग पडतो.

आधारचा प्रश्न थोडा नाजूक आहे. काडतूस घेताना ओळख पटवणारा मुख्य दस्तऐवज म्हणजे छायाचित्र असलेला परवाना. तरीही अनेक ठिकाणी त्याच्या जोडीला आधारची प्रत मागण्याची सवय पडली आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या २६ सप्टेंबर २०१८ च्या निकालाने आधार कायद्यातील कलम ५७ चा खासगी संस्थांना आधार वापरू देणारा भाग रद्द केला आणि त्यानंतरच्या २०१९ च्या दुरुस्तीनेही तो वापर ऐच्छिकच ठेवला. म्हणून प्रत मागितली गेल्यास ती कोणत्या आदेशाने मागितली जाते हे ग्राहकाने शांतपणे विचारावे, मतदार ओळखपत्र किंवा वाहन चालवण्याचा परवाना चालेल का हे पाहावे, आणि आधारच द्यावा लागला तर पहिले आठ अंक झाकलेली, शेवटचे चारच दाखवणारी प्रत द्यावी, जी आधार प्राधिकरणाच्या संकेतस्थळावरून स्वतः उतरवून घेता येते. जिल्हा प्रशासनाचा तसा लेखी आदेश असेल तर मात्र दुकानदाराशी वाद घालण्यात अर्थ नाही. तक्रार करायची तर ती आदेश काढणाऱ्याकडे करावी.

यानंतरचा विषय बहुतेक जण क्षुल्लक मानतात, पण धोका खरा तिथेच आहे. शस्त्र परवाना हा ओळखपत्रापेक्षा कितीतरी अधिक बोलका कागद असतो: त्यावर परवानाधारकाचे छायाचित्र आणि घरचा पत्ता, प्रत्येक शस्त्राचा प्रकार व क्रमांक, कोणत्या प्रदेशात ते नेता येते याचा उल्लेख, आणि खरेदीच्या नोंदींच्या रूपाने मागच्या सर्व व्यवहारांचा इतिहास असतो. म्हणजे परवान्याची पूर्ण छायाप्रत ज्याच्या हाती पडली, त्याला कोणत्या घरात कोणते शस्त्र आहे आणि तिथे अंदाजे किती काडतुसे असतील, हे कळते. विक्रेत्याला मूळ परवाना पाहण्याचा आणि त्यावर नोंद करण्याचा अधिकार आहे, परंतु त्याच्या फायलीत प्रत ठेवायचीच असेल तर ओळख, शस्त्र आणि वैधता दाखवणारी पाने पुरेशी होतात का, हे विचारून तेवढ्याच पानांची प्रत द्यावी. प्रतीवर मजकूर झाकला जाणार नाही अशा बेताने तिरकस ओळीत ‘केवळ अमुक तारखेच्या काडतूस खरेदीसाठी, अमुक विक्रेत्यास’ असे लिहून सही करावी. अशी प्रत दुसऱ्या कामासाठी वापरणे अवघड होते, आणि ती बाहेर गेलीच तर कोठून गेली हे तिच्यावरूनच सांगता येते.

प्रत काढण्याची जागाही पाहून निवडावी. कलेक्टोरेटच्या आसपासच्या झेरॉक्स दुकानांत गर्दीच्या वेळी बिघडलेली प्रत टोपलीत टाकली जाते आणि पुढे तिच्या पाठीमागे कोणाचे तरी हिशेब लिहिले जातात. म्हणून बिघडलेली प्रतही मागून घ्यावी. परवान्याचे छायाचित्र व्हॉट्सॲपवर झेरॉक्सवाल्याला पाठवून छापून घेण्याची पद्धत त्याहून वाईट, कारण ते छायाचित्र त्या दुकानाच्या संगणकावर कोणाच्याही लक्षात न राहता वर्षानुवर्षे पडून राहते. नूतनीकरणाचा ऑनलाइन अर्ज चॉइस सेंटरमधून, म्हणजे सरकारी ऑनलाइन सेवा देणाऱ्या केंद्रातून, भरणाऱ्यांनी नोंदणीसाठी स्वतःचाच मोबाइल क्रमांक द्यावा, आलेला ओटीपी स्वतः टंकावा, आणि उठण्यापूर्वी खाते बंद करून त्या संगणकावर उतरवलेली कागदपत्रे आपल्या डोळ्यांदेखत पुसून घ्यावीत. ही सूचना कोणाला अतिरेकी वाटेल. परंतु घरातल्या तिजोरीचा नकाशा अनोळखी माणसाच्या संगणकावर ठेवून येणे कोणालाच रुचणार नाही, आणि इथे घडते ते याहून फारसे निराळे नसते.

शस्त्रधारकांच्या याद्या फुटल्यावर काय होते, याची परदेशांत घडलेली उदाहरणे बोलकी आहेत. अमेरिकेतील न्यूयॉर्क राज्यात ‘द जर्नल न्यूज’ या वृत्तपत्राने डिसेंबर २०१२ मध्ये वेस्टचेस्टर आणि रॉकलंड या परगण्यांतील पिस्तूल परवानाधारकांची नावे व पत्ते नकाशावर मांडून प्रसिद्ध केले. ती माहिती तेव्हाच्या कायद्याने सार्वजनिक होती, तरी प्रचंड विरोधानंतर नकाशा काढून घ्यावा लागला आणि राज्याने आपली माहिती गुप्त ठेवण्याची विनंती करण्याची मुभा परवानाधारकांना दिली. जुलै २०२१ मध्ये ब्रिटनमधील ‘गनट्रेडर’ या बंदुकांच्या खरेदी-विक्रीच्या संकेतस्थळावरून सुमारे १,११,००० लोकांची माहिती चोरीस गेली आणि पुढे घरांचे पत्ते नकाशावर दिसतील अशा स्वरूपात ती पसरली. जून २०२२ मध्ये कॅलिफोर्नियाच्या न्याय विभागाने आकडेवारी दाखवण्यासाठी उघडलेल्या संकेतस्थळावरून सुमारे १,९२,००० लोकांची व्यक्तिगत माहिती उघडी पडली. पहिल्या घटनेत वृत्तपत्र, दुसऱ्यात खासगी व्यापारी आणि तिसऱ्यात खुद्द शासन कारणीभूत ठरले, यावरून कोणा एकावर भरवसा ठेवून निर्धास्त होता येत नाही हे दिसते. भारतातील शस्त्रविक्रेत्यांच्या नोंदी बऱ्याच अंशी कागदावर असल्यामुळे एका रात्रीत लाखो नावे बाहेर जाण्याची शक्यता तिथे कमी आहे. तथापि काउंटरवर उघडी पडलेली वही वाचायला संगणकतज्ज्ञ लागत नाही.

म्हणून दुकानातील वागणुकीबद्दल काही गोष्टी. गर्दीची वेळ टाळावी, परवाना काउंटरवर पसरून न ठेवता विक्रेत्याच्या हातात द्यावा व नोंद होताच परत घ्यावा, आणि पत्ता किंवा काडतुसांची संख्या मोठ्याने उच्चारण्याऐवजी परवान्यावर बोट ठेवून दाखवावी. दुकानातील सीसीटीव्हीला हरकत घेण्याचे कारण नाही, कारण चोरी आणि वाद या दोन्हींत तो ग्राहकालाही उपयोगी पडतो. पण नोकराने स्वतःच्या खासगी मोबाइलवर परवान्याचे छायाचित्र काढणे ही निराळी गोष्ट असून तिला स्पष्ट नकार द्यावा आणि त्याऐवजी सही केलेली कागदी प्रत द्यावी. विक्रेत्याने परवान्यावर केलेली नोंद तिथेच वाचून पाहावी: तारीख, संख्या आणि बोअर यांपैकी काही चुकले तर पुढे तपासणीत उत्तर देण्याची पाळी परवानाधारकावर येते, आणि परवान्याच्या अटीचा भंग हा शस्त्र अधिनियमाच्या कलम ३० खाली शिक्षापात्र असतो. पैसे यूपीआयने दिल्यास बँकेच्या विवरणपत्रात विक्रेत्याचे नाव उमटते, आणि तेच विवरणपत्र पुढे गृहकर्जासाठी किंवा घरमालकाला दाखवावे लागू शकते. ज्याला हे नको असेल त्याने रोख द्यावे, मात्र बिल घ्यावेच. बिल टाळून खासगीपणा मिळत नाही. मिळते ते केवळ संशयाला निमंत्रण.

पोलिसांबाबत दोन टोकांच्या गैरसमजुती आढळतात: त्यांना काहीच दाखवावे लागत नाही ही एक, आणि त्यांच्या नावाने मागितलेले सारे द्यावे लागते ही दुसरी. शस्त्र अधिनियमाच्या कलम १९ नुसार शस्त्र वा काडतुसे घेऊन जाणाऱ्याकडे पोलीस अधिकारी परवाना मागू शकतो आणि तो तत्काळ दाखवणे बंधनकारक आहे. तसेच भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, २०२३ च्या कलम ९४ खाली तपासासाठी लेखी आदेश काढून ठाणे अंमलदार विक्रेत्याकडून नोंदी मागवू शकतो, आणि त्यात ग्राहकाच्या संमतीचा प्रश्न येत नाही. याउलट, फोनवर स्वतःला ठाण्याचा किंवा परवाना शाखेचा माणूस म्हणवणाऱ्याला यूआयएन, परवान्याचे छायाचित्र वा ओटीपी देण्याचे कोणतेही बंधन नाही. परवाना रद्द होईल अशी भीती घालून लगेच कागद पाठवायला लावणारा फोन आल्यास तो बंद करून स्वतः ठाण्यात किंवा शाखेत जाऊन खात्री करावी, आणि फसवणूक झालीच असेल तर १९३० या सायबर मदत क्रमांकावर विनाविलंब कळवावे. फोन करणाऱ्याला आपल्या शस्त्राचा क्रमांक आधीच ठाऊक होता, एवढ्यावरून तो खरा ठरत नाही. उलट माहिती कुठून तरी फुटली आहे, हेच त्यावरून कळते.

अशा वेळी दाद कोठे मागावी? ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ ने ग्राहकाने विश्वासाने दिलेली व्यक्तिगत माहिती कायद्याचा आधार नसताना दुसऱ्यास सांगणे ही अनुचित व्यापारी प्रथा ठरवली आहे, आणि ग्राहक जिथे राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगाकडे तिची तक्रार करता येते. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक मदत क्रमांकावरून तक्रारीची सुरुवात होऊ शकते. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियम, २०२३ हा दुसरा मार्ग असून त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले आहेत. माहिती गोळा करणाऱ्यांवरील मुख्य कर्तव्ये त्यानंतर अठरा महिन्यांनी लागू व्हायची असल्यामुळे त्याचा पूर्ण लाभ २०२७ च्या मध्यापासून मिळेल. हा कायदा फक्त संगणकीय किंवा नंतर संगणकात चढवलेल्या माहितीला लागू होतो, त्यामुळे निव्वळ कागदी वही त्याच्या कक्षेबाहेर राहते; परंतु दुकानाने ग्राहकांची यादी संगणकावर ठेवली की माहिती कशासाठी घेतली हे सांगणे, तिची सुरक्षितता राखणे आणि गरज संपल्यावर ती पुसणे ही कर्तव्ये त्याच्यावर येतात. संमती मागणारी सूचना राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतील कोणत्याही भाषेत वाचण्याचा पर्याय ग्राहकाला द्यावा लागत असल्याने रायपूरमधील मराठी ग्राहकाला ती मराठीतही मागता येईल. कायद्याने ठेवायलाच लावलेल्या विक्रीच्या नोंदी मात्र ग्राहकाच्या सांगण्यावरून पुसता येत नाहीत, आणि जाहिरातीसाठी घेतलेला मोबाइल क्रमांक व कायद्यासाठी घेतलेला पत्ता यांतला फरक या ठिकाणी प्रत्यक्ष उपयोगाला येतो.

ग्राहक स्वतःच जी माहिती वाटत सुटतो तिच्याविषयी फार लिहिण्याची गरज नाही. लग्नाच्या वरातीत बंदुकीसह काढलेले आणि समाजमाध्यमावर टाकलेले छायाचित्र कोणत्याही विक्रेत्याच्या वहीपेक्षा अधिक लोक पाहतात. त्यात उत्सवी गोळीबार दिसत असेल तर शस्त्र अधिनियमाच्या २०१९ च्या दुरुस्तीनुसार इतरांचा जीव धोक्यात घालणाऱ्या अशा कृत्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते, आणि पुरावा ग्राहकानेच पुरवलेला असतो.

एक बाब मात्र हयातीतच मार्गी लावावी लागते. परवानाधारकाच्या मृत्यूनंतर त्याचा परवाना कोणाच्याही कामाचा राहत नाही, तरी काडतुसे कपाटात उरतात, आणि ती किती व कोठे आहेत हे घरात कोणालाच ठाऊक नसल्यास वारस नकळत बेकायदा ताब्याच्या अडचणीत सापडतात. म्हणून घरातील एका विश्वासू प्रौढ व्यक्तीला परवाना, बिले आणि शिल्लक काडतुसांची जागा सांगून ठेवावी. वारसांनी शस्त्र अधिनियमाच्या कलम २१ प्रमाणे शस्त्र व काडतुसे विनाविलंब जवळच्या ठाण्यात किंवा नियमांनुसार परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करावीत, काडतुसांची संख्या व प्रकार लिहिलेली पोच घ्यावी, आणि मृत्युपत्राची किंवा वारसा प्रमाणपत्राची पूर्ण प्रत देण्याआधी या कामाला त्यातली कोणती पाने लागतात ते विचारावे.